जलसंशोधन आणि दरडसंशोधन यांतील भाषाव्यवहार : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

रायगड जिल्ह्याचे कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी वसलेले आहेत. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडावा आणि तरीही उन्हाळ्यात तेथील कित्येक वाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागावे, हा या भागाचा जुना विरोधाभास होय. दुसरा विरोधाभास त्याहून ठळक आहे. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली व भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले, आणि घाटमाथ्यावर अडविलेले, मूळचे पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात वाहून जावयाचे पाणी तेव्हापासून पश्चिमेकडे उतरविले जाऊ लागले. वीजनिर्मितीनंतर सुटणाऱ्या या पाण्यामुळे पाताळगंगा आणि पेज या नद्या भर उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईस जाते. अशा रीतीने परक्या खोऱ्याचे पाणी दाराशी आलेले आणि आपल्या खोऱ्याचे पाणी दूरच्या नगराकडे निघालेले, अशा दोन्ही प्रवाहांच्या मध्ये डोंगरउतारावरील वाडी मात्र डोक्यावरच्या हंड्यावर अवलंबून राहते.

असा प्रदेश विद्यार्थि-संशोधकांचे लक्ष वेधून घेईल यात नवल नाही. मुंबई आणि पुणे या दोन्ही विद्यानगरांपासून तो रेल्वेने जवळ आहे. आणि पाण्याचे दुर्भिक्ष, पूर व दरडी हे तिन्ही विषय तेथे एकाच पंचक्रोशीत अभ्यासता येतात. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८५ साली स्थापन झालेल्या ग्रामीण तंत्रज्ञान-पर्याय केंद्राने, ज्यास त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सितारा’ असे म्हटले जाते, कर्जत तालुक्यात या प्रकारच्या कामाची परंपरा निर्माण केली. पदव्युत्तर विद्यार्थ्याने खेड्यात राहावे, विहिरींची पातळी स्वतः मोजावी, टँकर कोठून भरतो व कोठे रिता होतो हे पाहावे, आणि त्यावरून योजनेचा आराखडा मांडावा, ही पद्धत तेथे रूढ झाली. उत्तर कर्जतमधील अनेक गावे व वाड्या यांना मिळून एकच नळयोजना शक्य आहे काय, याची तपासणी करणारा अभ्यास याच परंपरेतला. या केंद्रात अध्यापन केलेले प्रा. मिलिंद सोहोनी यांनी प्रादेशिक विद्यापीठांनी भोवतालच्या जिल्ह्यांचे प्रश्न अभ्यासाचे विषय म्हणून स्वीकारावेत, ही भूमिका मराठीतूनही आग्रहाने मांडली आहे. भूगोल, भूशास्त्र, पर्यावरण आणि समाजकार्य या विषयांचे विद्यार्थीही या दोन तालुक्यांत येत असतात.

या संशोधनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या वाडीचे नाव जिल्ह्याच्या नकाशावर धड सापडत नाही, तेथील विहिरीची खोली कोणी तरी मोजून लिहून ठेवतो, ही गोष्टच महत्त्वाची आहे. तथापि या प्रकारच्या प्रबंधांचे परीक्षण सामान्यतः गणित, नकाशा आणि निष्कर्ष या तीन अंगांनी होते; ज्या भाषेत माहिती मागितली गेली आणि ज्या भाषेत ती टिपली गेली, त्या भाषेचे परीक्षण होत नाही. प्रश्नावली इंग्रजीत रचली जाते, तिचे मराठी भाषांतर छापले जाते, उत्तर ठाकरी, कातकरी वा आगरी वळणाच्या बोलीत मिळते, विद्यार्थी ते प्रमाण मराठीत समजून घेतो आणि इंग्रजीत नोंदवितो. एका विधानाला इतक्या उंबऱ्यांवरून जावे लागले म्हणजे प्रत्येक उंबऱ्यावर काही ना काही गळून पडते. काय गळते, हा येथील विवेचनाचा विषय आहे. नामे बहुधा टिकतात आणि क्रियापदे गळतात, असे थोडक्यात म्हणता येईल. आणि पाणी काय किंवा दरड काय, दोहोंच्याही बाबतीत खरी माहिती क्रियापदात असते.

पाण्यापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. बहुतेक प्रश्नावल्यांत ‘पाण्याचा स्रोत कोणता?’ असा प्रश्न असतो व त्यापुढे विहीर, विंधनविहीर, नळ, टँकर, ‘इतर’ अशी घरे आखलेली असतात. ‘स्रोत’ हा शब्द वाडीच्या व्यवहारात नाही. पण तेवढ्यावरून तक्रार करणे क्षुल्लकपणाचे ठरेल, कारण प्रश्न समजावून देता येतो. अडचण पुढे येते. ओढ्याच्या कोरड्या पात्रात खणलेला झिरा हा ‘इतर’ या घरात जातो. वस्तुतः मार्चनंतर वाडीचा निर्वाह पुष्कळदा त्या झिऱ्यावरच चालतो. तो दरवर्षी नव्याने खणावा लागतो, त्याची जागा बदलते, आणि एक हंडा भरून झाला की पाणी पुन्हा साचेपर्यंत दुसरीला थांबावे लागते. विहिरीसारखी ती स्थिर वस्तू नाही. ती एक चालू क्रिया आहे. पाणी ‘झरते’, ‘पाझरते’, ‘साचते’, ‘तुटते’, ‘खाली जाते’, ‘आटते’: यांतील प्रत्येक क्रियापद भूजलाच्या एका निराळ्या अवस्थेचे वाचक आहे. विहीर आटली म्हणजे ती कोरडी झाली. विहिरीचे पाणी तुटले म्हणजे तळाशी थोडे पाणी असले तरी झऱ्यातून होणारी आवक थांबली. जलशास्त्राच्या विद्यार्थ्यास यांपैकी दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटावयास हवी, कारण बेसाल्टच्या कठीण थरांतील फटी केव्हा रित्या झाल्या याची ती सूचना होय. परंतु ‘पाणी उपलब्ध आहे काय?’ या प्रश्नास ‘होय’ असे उत्तर मिळाले की दोन्ही अवस्था एकाच खुणेत बुजून जातात.

‘पाणी किती महिने पुरते?’ हा प्रश्न याहून अधिक गोंधळाचा आहे. वाडी महिन्यांच्या इंग्रजी नावांनी काळ मोजत नाही. ती सणांनी आणि नक्षत्रांनी मोजते. ‘होळीपर्यंत पुरतं’ असे उत्तर आले की विद्यार्थी मार्च असे लिहितो. आता होळीची पौर्णिमा २०१८ साली १ मार्चला होती आणि २०२१ साली २८ मार्चला. सत्तावीस दिवसांचे हे अंतर, ज्या प्रदेशात टँकर केव्हा सुरू करावयाचा यावर दरवर्षी वाद होतो, त्या प्रदेशात नगण्य खचित नव्हे. याउलट ‘मृगापर्यंत’ असे उत्तर आले तर ते निःशंकपणे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस नेऊन ठेवता येते, कारण मृग नक्षत्र सूर्याच्या गतीवर ठरते आणि होळी चंद्राच्या. एकाच वाक्यात सांगणारी व्यक्ती दोन्ही कालगणना सहज वापरते. लिहिणारा त्यांतील भेद पुसून टाकतो. यावर उपाय अवघड नाही. उत्तर आले तसे ‘होळी’ असेच लिहावे व त्यापुढे त्या वर्षाची तारीख द्यावी. पण त्यासाठी प्रथम ‘होळी’ हे उत्तर सदोष नसून पुरेसे अचूक आहे, हे मान्य व्हावे लागते. शिवाय, होळीपर्यंत पाणी पुरते हे विधान गेल्या वर्षाविषयीचे आहे की नेहमीचे, याचा उलगडाही ‘पुरतं’ आणि ‘पुरलं’ या दोन रूपांतील निवडीनेच होतो.

मापांचीही गत अशीच आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरविले आणि विद्यार्थी आपले हिशेब त्या प्रमाणाशी ताडून पाहू लागले, हे योग्यच झाले. परंतु पाणी आणणारी बाई लिटर मोजत नाही, ती खेपा मोजते. हंड्यांची मापे घरोघर निराळी असतात, आणि चढावरची खेप व सपाटीवरची खेप यांत पाणी सारखे असले तरी श्रम सारखे नसतात. त्यात पुन्हा उत्तर देणारा ‘कुटुंबप्रमुख’ बहुधा पुरुष असतो, ज्याने स्वतः खेप घातलेली नसते. नळजोडणी आहे काय, या प्रश्नाचे उत्तर ‘आहे’ असे मिळते. ‘पाणी येतं का?’ असे विचारले तर ते बदलू शकते. नळ ‘असणे’ आणि पाणी ‘येणे’ ही दोन क्रियापदे आहेत, एवढे ओळखले तरी पुष्कळ तक्ते पुन्हा भरावे लागतील.

येथवर सांगितलेल्या उणिवा तक्त्याच्या शुद्धतेपुरत्या आहेत असे वाटणे शक्य आहे. नैसर्गिक आपत्तींकडे वळले म्हणजे तसे वाटत नाही. प्रथम ‘अतिवृष्टी’ हा शब्द पाहावा. महाराष्ट्राच्या महसूल व्यवहारात एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी मानली जाते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’ अशा पायऱ्या आहेत. पिकांच्या नुकसानभरपाईसाठी ६५ ची रेषा देशावर उपयोगी पडत असेल. कर्जत-खालापूरच्या जुलै महिन्यात मात्र तो सामान्य पाऊस होय. ज्या शब्दाने दर आठवड्यास हाक द्यावी लागते, त्या हाकेने कोणी दार उघडत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ‘अतिवृष्टीचे दिवस’ मोजणारे आलेख असतात, त्यांत या शब्दाची दोन्ही मापे कधी कधी एकमेकांत मिसळलेली दिसतात. आणि वाडीला धोक्याची वाटणारी गोष्ट, म्हणजे एका दिवसाचा जोर नव्हे तर न उघडता लागून राहिलेली झड, त्या आलेखात कोठेच दिसत नाही. डोंगरउतारावरील मातीच्या दृष्टीने पाहिले तर वाडीचे माप अधिक शास्त्रीय आहे. माती किती भिजली हे एका दिवसाच्या आकड्यावर ठरत नाही. आधीच्या दिवसांच्या बेरजेवर ठरते.

या बेरजेचा अर्थ १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीत कळून आला. इर्शाळगडाच्या उतारावरील, चौकजवळची ही ठाकरांची वाडी. तेथे जाण्यास मोटाररस्ता नव्हता, पायवाट होती. आदल्या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे शासनाने विधानसभेत सांगितले. रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास वरच्या उताराचा भाग वाडीवर आला. मदतीस निघालेली माणसे अंधारात, पावसात पायीच चढली. यंत्रे वर नेता आली नाहीत. २३ जुलैला शोध थांबविण्यात आला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसांचा पत्ता नव्हता. वाडीची लोकसंख्या २२८ होती.

त्या वेळी शासनाच्या वतीने असेही सांगण्यात आले की इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती आणि तेथे पूर्वी दरड कोसळल्याची घटना घडलेली नव्हती. हे विधान खरे होते. त्याच्या व्याकरणाकडे मात्र लक्ष द्यावयास हवे. मराठीत ‘दरड कोसळली नाही’, ‘दरड कोसळत नाही’ आणि ‘दरड कोसळायची नाही’ ही तीन निरनिराळी विधाने आहेत. पहिले भूतकाळातील घटनांविषयी आहे, दुसरे जागेच्या स्वभावाविषयी आणि तिसरे भविष्याविषयी. यादी करण्याची प्रचलित रीत पहिल्या विधानावर आधार ठेवते आणि वाचणारा तीत दुसरे वाचतो. गावोगावचे लोक व अधिकारी तिसऱ्याप्रमाणे वागतात. ‘दरडप्रवण’ या विशेषणाने हे संक्रमण झाकले जाते, कारण विशेषणास काळ नसतो. माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी, महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी आणि त्यापूर्वी २००५ च्या जुलैत त्याच तालुक्यातील जुई व दासगाव येथे जे घडले, त्यानंतर प्रत्येक वेळी याद्या नव्याने झाल्या. घडून गेलेल्या घटनेमागून यादी चालते. उतार तिच्यासाठी थांबत नाही.

विद्यार्थि-संशोधनाचा खरा उपयोग येथे होऊ शकतो, आणि ते बहुधा येथेच कमी पडते. दरडींविषयीच्या प्रश्नावलीत ‘आपल्या परिसरात भूस्खलनाची लक्षणे आढळली आहेत काय?’ अशा धर्तीचा प्रश्न असतो, आणि त्यापुढे होय व नाही अशी दोन घरे असतात. ‘भूस्खलन’ हा शब्द संस्कृतातून घडविलेला, शुद्ध व अर्थवाही आहे; फक्त तो ज्याच्या अंगणात घडावयाचा त्याच्या तोंडी नाही. त्याच्या तोंडी ‘दरड’ आहे. पण ‘दरड’ म्हटले की डोळ्यांपुढे रस्त्यावर वा रुळांवर आलेले मोठे धोंडे उभे राहतात. वाडीवरच्या उतारास पडलेली हातभर भेग ही कोणी ‘दरड’ म्हणून सांगत नाही. म्हणून ‘नाही’ या घरात खूण होते आणि प्रबंधात लक्षणे आढळली नाहीत असे नमूद होते.

तोच प्रश्न नामाऐवजी क्रियापदाने विचारला असता काय झाले असते? मराठीत जमिनीच्या हालचालीसाठी क्रियापदांची मोठी समृद्धी आहे. वरचे सुटून खाली येते तेव्हा ते ‘कोसळते’. रचलेले वा साठलेले सैल होऊन पडते तेव्हा ‘ढासळते’. जमीन आपल्याच जागी खाली बसते तेव्हा ‘खचते’. पृष्ठभागावरून निसटते ती ‘घसरते’. अंगावरच्या झाडाझुडपांसह जागा बदलते ती ‘सरकते’. पाण्याशी मिसळून येते ती ‘वाहून येते’. अमेरिकन भूवैज्ञानिक डेव्हिड व्हार्न्स यांनी १९५८ साली मांडलेली आणि १९७८ साली सुधारलेली उतार-हालचालींची वर्गवारी आजही जगभर आधारभूत मानली जाते. पतन, उलथणे, सरकणे, प्रसरण आणि प्रवाह हे तिचे मुख्य प्रकार. त्यांतील निदान तीन प्रकारांसाठी खालापूरच्या शेतकऱ्याजवळ रोजच्या वापरातले क्रियापद आहे, आणि ‘खचणे’ व ‘सरकणे’ यांतील भेद तर तो शेताच्या बांधावरून लहानपणीच शिकलेला असतो. शास्त्राने ज्यासाठी परिभाषा घडविली ते भेद बोलीने क्रियापदांत आधीच सांभाळले आहेत. दोहोंची गाठ घालून देणे हे ज्याचे काम, तो प्रश्नावलीचा भाषांतरकार मात्र मधल्यामध्ये ‘भूस्खलन’ हे एकच नाम उभे करून मोकळा होतो.

पाण्याच्या खुणांचेही तसेच. पावसाळ्यात उतारावर पाणी ‘उपळते’, म्हणजे जमिनीतून आपोआप वर येते. अशा जमिनीस ‘उपळट’ म्हणतात. उपळट जागा कोणती हे भात लावणाऱ्यास ठाऊक असते, कारण तीवर त्याच्या शेतीचे बरेवाईट ठरते. नेहमीच्या जागी पाणी उपळले तर त्यात बातमी नाही. नव्या जागी उपळले, नेहमीच्या जागचे एकाएकी थांबले, किंवा स्वच्छ येणारे पाणी गढूळ येऊ लागले, तर उताराच्या पोटात काही बदलले आहे, असे भूशास्त्र सांगते. ‘भूजलपातळीत अचानक बदल’ असे हे लक्षण सूचनापत्रकांत लिहिले जाते. ते वाचून कोणास काय समजेल, याची कल्पनाच केलेली बरी. ‘यंदा नव्या जागी उपळलंय का?’ हा प्रश्न पाच शब्दांचा आहे आणि त्यास उत्तर मिळते.

परंतु सर्वांत मोठी हानी क्रियापदाच्या धातूची नसून त्याच्या रूपाची होते. ‘भिंत खचली आहे’, ‘भिंत खचते आहे’, ‘भिंत खचत चालली आहे’, ‘भिंत खचत आली आहे’: मराठी बोलणारा ही चार वाक्ये एकमेकांच्या जागी वापरीत नाही. पहिल्यात क्रिया पूर्ण झाली आहे. ती दहा वर्षांपूर्वीचीही असेल. दुसऱ्यात ती चालू आहे. तिसऱ्यात ती थोडी थोडी वाढत आहे आणि बोलणाऱ्याने तिच्यावर काही काळ नजर ठेवली आहे. चौथ्यात शेवट जवळ आला आहे. ज्यास आपत्तिशास्त्रात हालचालीचा वेग आणि तिचे आसन्नत्व म्हणतात, ते येथे सहायक क्रियापदाने सांगितले गेले आहे; आणि सांगणाऱ्याने त्यासाठी कोणतेही उपकरण वापरलेले नसून रोजच्या येण्याजाण्यातील निरीक्षण वापरले आहे. प्रबंधाच्या तक्त्यात या चारही वाक्यांची नोंद ‘भिंतीस तडे : होय’ अशी होते. भाषाशास्त्राच्या वर्गात ‘क्रियाव्याप्ती’ शिकविताना विद्यार्थी पुष्कळदा विचारतात की या सूक्ष्म भेदांचा व्यवहारात उपयोग काय. तो येथे आहे. ‘म्हणे’ या लहानशा अव्ययाचीही हीच कथा: ‘वर भेग पडली आहे म्हणे’ या वाक्यात बोलणाऱ्याने भेग स्वतः पाहिलेली नाही एवढे स्पष्ट आहे, पण ज्याने पाहिली त्याच्याकडे जाण्याची वाटही त्यातच आहे. विद्यार्थी एक तर ‘म्हणे’ गाळून ते वाक्य सत्य म्हणून घेतो, नाही तर ऐकीव म्हणून सगळेच टाकून देतो. गुराख्याकडे जात नाही.

या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. बोलीतील उत्तरांची तुलना कशी करावयाची? पन्नास वाड्यांचा तक्ता करावयाचा तर घरे आखावीच लागतात, आणि ‘खचत चालली आहे’ हे वाक्य गणकयंत्रात घालता येत नाही. हे खरे आहे. पण चार रूपांसाठी चार घरे आखण्यास कोणी अडविलेले नाही. दोनच घरे असावीत हा शास्त्राचा नियम नसून प्रश्नावलीची सवय आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकांच्या भाषेत ज्ञान साठविलेले असते हे मान्य केले तरी ते सर्वज्ञ नसते. शेकडो वर्षांत एकदाच सुटणाऱ्या उताराविषयी कोणत्याही वाडीच्या स्मृतीत काही नसणे शक्य आहे. क्रियापदे नीट विचारली असती तर इर्शाळवाडीची माणसे वाचली असती, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तसे म्हणण्यास कोणताही आधार नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे, उताराचे कोन, मातीच्या थराची जाडी आणि पर्जन्यमापके यांची जागा भाषा घेऊ शकत नाही. मात्र नकाशा जिल्ह्याच्या प्रमाणावर असतो आणि भेग घराच्या मागे असते. या दोहोंमधील अंतर जुलै महिन्यात दररोज कापू शकणारे निरीक्षक वाडीतच राहतात, आणि त्यांचे निरीक्षण वाक्यरूपानेच मिळू शकते.

दोष केवळ अभियांत्रिकीच्या वा भूगोलाच्या विद्यार्थ्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा मराठीविषयक खंड १९०५ साली निघाला. त्यात ठाकरी आणि कातकरी या बोलींचे नमुने आहेत. साठच्या दशकात अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीचे मोठे काम हाती घेतले, व त्यात महाडची कुणबी बोलीही आली. त्यानंतर विद्यापीठांतून बोलींवर प्रबंध होत राहिले. त्यांतील शब्दसूचींत नातेवाचक शब्द, शरीरावयव, भांडीकुंडी, धान्ये ही सदरे न चुकता येतात, आणि ध्वनिव्यवस्था व विभक्तिप्रत्यय काटेकोरपणे नोंदविलेले असतात. पाण्याच्या आणि मातीच्या हालचालींच्या क्रियापदांचे सदर शोधू गेले तर बहुधा निराशा पदरी येते. जे ज्ञान भाषाशास्त्रज्ञाने गोळा करून ठेवावयाचे, ते जलशास्त्राच्या बाविशीतील विद्यार्थ्याने प्रश्नावली भरता भरता आपणहून ओळखावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले आणि त्याने शास्त्रवार परिभाषा कोश सिद्ध केले, हे मोठे कार्य झाले; पण त्या कोशांची दिशा इंग्रजी संज्ञेकडून मराठी संज्ञेकडे अशी आहे. वाडीतील क्रियापदाकडून शास्त्रीय संज्ञेकडे जाणारा कोश अद्याप कोणी केलेला दिसत नाही. कर्जत-खालापूरपुरता तो करावयाचा तर शंभराच्या आत नोंदी पुरतील. त्यासाठी मराठी विभागाचा एक विद्यार्थी आणि जलशास्त्राचा एक विद्यार्थी यांनी दोन पावसाळे एकत्र काढावे लागतील, आणि दोहोंपैकी एकाला तरी ठाकरी बोलणे समजावे लागेल.

प्रबंधाची भाषा इंग्रजी असते, याविषयी येथे वाद नाही; पदवी त्या भाषेत मिळते व परीक्षकही त्याच भाषेत वाचतो. परंतु ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत माहिती गोळा झाली तिच्या दप्तरात पुष्कळदा त्या प्रबंधाचा कागदही नसतो. ग्रामसेवक बदलून जातो, विद्यार्थी पदवी घेऊन जातो, आणि तीन वर्षांनी दुसरा विद्यार्थी तेच प्रश्न घेऊन त्याच ओट्यावर येऊन बसतो. उत्तर देणाऱ्या आजींना ते प्रश्न तोपर्यंत पाठ झालेले असतात. प्रत्येक वाडीसाठी चार-पाच पानांचे मराठी टिपण पंचायतीत आणि पोलीस पाटलाकडे ठेवले, आणि त्यात आकड्यांबरोबर सांगणाऱ्याचे वाक्य, आहे त्या क्रियापदासह व तारखेसह, जसेच्या तसे उतरविलेले असले, तर पुढल्या जुलैत येणाऱ्यास ‘खचली आहे’ हे जुने वाक्य आणि ‘खचत चालली आहे’ हे नवे वाक्य शेजारी ठेवून, त्याच दिवशी तालुक्याच्या कचेरीत फोन लावता येईल.